प्रत्यक्ष पाहून मोजले

कय्यूमचाचांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते सागाच्या एका ओंडक्याला कान लावून बसले होते. माझं वय एकवीस, अंगावर आईची ठेवणीतली साडी, हातात नेमणुकीचं पत्र. आणि हा माणूस भर उन्हात लाकडाशी कानगोष्टी करतोय. मी मनात म्हटलं, नूतन, चांगल्या ठिकाणी आलीस. ओंडक्याच्या दुसऱ्या टोकाला पोचू नावाचा मजूर धावड्याच्या लाकडाची मोगरी घेऊन उभा होता. त्यानं तीन ठोके मारले. चाचा उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "मधात पोकळ आहे, हातभर." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू वारलूभाऊची पोरगी नं? ये, बस सावलीत."

वारलू म्हणजे माझे वडील. त्याच लाकूड डेपोत चौकीदार होते, काविळीनं गेले, आणि त्यांच्यामागे मला अनुकंपा तत्त्वावर कारकून म्हणून घेतलं. ही १९८८ सालची गोष्ट. डेपो चंद्रपूरहून अहेरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर होता, सरकारी. खात्याचं नाव लिहीत नाही, कारण पगार अजून तिथूनच येतो. पुढं जे सांगणार आहे त्यात माझा भित्रेपणा जागोजागी भेटेल, तेव्हा त्याची ओळख इथंच झालेली बरी.

जंगलातून ट्रक भरून ओंडके यायचे. ते मोजायचे, प्रत ठरवायची, थप्प्या लावायच्या, मग लिलाव. चाचांची नेमणूक मोजणीदाराची. टेपनं लांबी आणि घेर मोजणं हे त्यांचं कागदावरचं काम, आणि ते कोणीही केलं असतं. सागाची खरी गोम पोटात असते. बाहेरून सरळ, गुळगुळीत, आणि करवत लावली की आत भुगा. चाचांचे वडील आरागिरणीवर कामाला होते, त्यांनी पोराला लहानपणीच लाकूड ऐकायला शिकवलं होतं. पोकळी कुठं आहे, केवढी आहे, फांदीच्या जागेतून पाणी शिरलंय की बुंध्याकडून वाळवी, हे सगळं चाचा तीन ठोक्यांत सांगत. वडसा आणि नागपूरचे व्यापारी सरकारी यादी घडी करून खिशात घालायचे आणि आधी चाचांना गाठायचे. चाचा सगळ्यांना एकच सांगायचे आणि कोणाचा चहासुद्धा घ्यायचे नाहीत. हे तत्त्व वगैरे नव्हतं. जाहिदाचाचींनी थर्मासमध्ये भरून दिलेल्या चहाशिवाय दुसरा चहा त्यांच्या घशाखाली उतरतच नसे.

माणूस मात्र सोपा नव्हता. कानाचा भारी गर्व. त्यांचा ठोका चालू असताना कोणी खोकला तरी त्याची खैर नसे. एकदा रेंज ऑफिसातल्या एका साहेबांना त्यांनी "जरा चूप बसा जी" म्हणून गप्प केलं होतं. चूक दाखवली की दोन-दोन दिवस रुसायचे, आणि रुसवा काढायला मला आईच्या हातचा ठेचा न्यावा लागायचा. ईदला आमच्याकडे त्यांचा डबा यायचा, चौदा एप्रिलला ते आमच्याकडे जेवायला यायचे आणि जेवता जेवता आमच्या दाराच्या चौकटीवर बोटानं टकटक करून म्हणायचे, वारलूभाऊनं लाकूड चांगलं निवडलं होतं.

आमची कामाची रीत अशी होती. पोचू आणि सुकलू नावाचा दुसरा मजूर टेपची दोन टोकं धरत. चाचा आकडा मोठ्यानं बोलत, मी लिहून तोच आकडा परत वाचत असे, आणि चाचा "हूं" म्हणत. त्या हूंशिवाय मी पुढची ओळ घेत नसे. रजिस्टरमध्ये प्रत्येक पानाच्या तळाशी छापलेलं होतं, 'प्रत्यक्ष पाहून मोजले', आणि त्याखाली चाचांची सही.

शहाण्णव साली आकडे चुकायला लागले. दोन मीटर वीसचा घेर चाचा दोन मीटर ऐंशी बोलले. एवढा घेर डोळ्यांनीच खोटा दिसत होता. मी लिहिलं दोन वीस आणि वाचलंही दोन वीस. चाचा क्षणभर थांबले आणि "हूं" म्हणाले. रुसले नाहीत. 

काचबिंदू होता. जाहिदाचाची त्यांना चंद्रपूरला, मग सेवाग्रामला घेऊन गेल्या. उशीर झाला, एवढंच दोन्हीकडे कळलं. सहा महिन्यांत डाव्या डोळ्याचं दिसणं गेलं, वर्षभरात उजव्याचं.

आता आमच्या डेपोत माणूस झाकायची एक जुनीच रीत होती. कोणाला खोकल्यात रक्त पडायचं, तर त्याच्या वाटचं ओझं दुसरे उचलत. कोणी मोहाची दारू पिऊन आला, तर त्याला थप्पीमागे झोपवून हजेरी लावत. माझ्या वडिलांनाही शेवटचे तीन महिने असंच झाकलं होतं. पिवळेजर्द पडलेले वडील फाटकाशी बसायचे आणि फाटक सुकलू उघडायचा. त्यामुळे चाचांचं काय करायचं याची चर्चासुद्धा झाली नाही. सेवाग्रामहून आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून टेप मी वाचायला लागले, चाचा ठोके ऐकायला लागले, आणि सहीच्या वेळी मी त्यांचं बोट रेघेवर टेकवायची. ते बोटाला लागून झोकात सही करायचे. चौकीदारापासून वडशाच्या व्यापाऱ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त साहेबांना, आणि साहेब तर दोन वर्षांत बदलूनच जात.

खरं सांगायचं तर त्या काळात चाचांचं काम उलट सुधारलं. डोळे होते तेव्हा चांगल्या रंगाचं लाकूड पाहून ते कधीकधी मऊ पडायचे. आता रंगच नव्हता. अख्खा डेपो त्यांनी पावलांनी पाठ केला होता. फाटकापासून हातपंपापर्यंत बेचाळीस पावलं, हातपंपापासून पहिल्या थप्पीपर्यंत अठरा. काठी घेत नसत. काठी घेतली की कळलं असतं.

दोन हजार सालच्या सुरुवातीला नवे साहेब आले. वाईट माणूस नव्हता. शिस्तीचा होता, आणि आमच्याकडे शिस्तीची सवय नव्हती. मार्कंड्याच्या जत्रेआधीचा लिलाव जवळ आला होता. साहेबांना थप्प्या वेड्यावाकड्या वाटल्या. रविवारी मजूर बोलावून त्यांनी सगळ्या थप्प्या रस्त्याला समांतर करून घेतल्या. पोचू त्या कामावर होता. चाचांना सोमवारी फाटकाशीच सांगायचं, असं त्यानं ठरवलं होतं. पण सोमवारी सकाळी साहेबांनी त्याला ट्रकवर पाठवलं. त्याला वाटलं सुकलू सांगेल. सुकलूला वाटलं पोचूनं सांगितलंय. मी त्या दिवशी बस चुकल्यामुळे वीस मिनिटं उशिरा पोचले.

चाचा नेहमीसारखे फाटकातून आत आले, हातपंपापर्यंत गेले, आणि तिथून अठरा पावलांचा हिशोब धरून ताठ मानेनं चालत राहिले. सहाव्या पावलाला थप्पी होती. कपाळ फुटलं आणि वरचा एक ओंडका निसटून पायावर आला. साहेबांनी स्वतःच्या जीपमध्ये घालून त्यांना चंद्रपूरला नेलं, रक्तानं सीट भरली तरी काही बोलले नाहीत. पण कामावरचा अपघात म्हणजे अहवाल आला, अहवाल म्हणजे डॉक्टर आला, आणि डॉक्टरनं पायाबरोबर डोळेही तपासले. दोन्ही डोळ्यांची दृष्टी पूर्ण गेलेली, किमान तीन वर्षांपासून, असं त्यानं लिहून दिलं.

अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणायला मीच गेले होते. इस्पितळातल्या त्या खिडकीशी दीड तास रांगेत उभी होते आणि समोर भिंतीवर एक पिवळा पडलेला मोठा कागद डकवलेला होता. वेळ जात नव्हता म्हणून वाचला. अपंग व्यक्तींसाठीचा पंच्याण्णव सालचा कायदा. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर माणसाला काढता येत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं द्यायचं, आणि तशी जागा नसेल तर जागा निर्माण करायची. खाली तारीख शहाण्णव सालची. म्हणजे चाचांचा पहिला आकडा चुकला त्या वर्षापासून तो कागद तिथं भिंतीवर होता. चार वर्षं आम्ही एका माणसाला त्याच्याच कायद्यापासून लपवून ठेवलं होतं.  रांगेतल्या बाईनं मला पुढं ढकललं तेव्हा भानावर आले.

तरीही परत येताना मी आनंदात होते, हे कबूल करते. मला वाटलं, कायदाच आहे म्हटल्यावर काय अडणार? मी अर्ज लिहिला. कय्यूमचाचांना लाकडाची प्रत ठरवण्याच्या कामावर ठेवावं, टेप वाचायला एक माणूस द्यावा. तो माणूस मी होतेच. नवी खुर्चीसुद्धा लागणार नव्हती. चाचांना अर्ज वाचून दाखवला. पाय प्लास्टरमध्ये, खाटेवर पडलेले, आणि म्हणाले, "थप्प्या आता कशा लावल्या ते सांग. पावलं नव्यानं मोजा लागतीन."

त्या अर्जावरची चौकशी चंद्रपूरला लागली ती पुढच्या वर्षी. तोवर चाचा घरी, कामावरून दूर. बसमध्ये आम्ही शेजारी बसलो होतो. चाचांनी मूल गावच्या बाजारातून आणलेला नवा सदरा घातला होता आणि मोगरी पिशवीत घेतली होती. वाटेत एकदाच बोलले.

"बेटी, खरं सांगून टाक. मी अंधा झालो, टेप तू वाचत होती. आता झाकाचं काई कामच नाई. कायदा आपल्या बाजूनं आहे म्हन्ते नं तू?"

मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं.

समितीत तिघे होते. पहिल्यांदा चाचांना विचारलं. चाचा पिशवीतून मोगरी काढून उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, दोन ओंडके आना. एक चांगला, एक पोकळ. कोनता कोनता ते सांगतो. चुकलो तं आजच घरी जातो." समितीच्या प्रमुखांनी त्यांना बसायला सांगितलं. त्यांनी फाइल चाळली आणि शांतपणे समजावलं, की मंजूर पदांच्या यादीत ठोकून पाहणारा असं पद नाही. पद मोजणीदाराचं आहे आणि मोजायला दृष्टी लागते. चाचांचं बारा वर्षं मी पाहिलेलं आणि त्याआधीचं पंधरा वर्षांचं काम त्या यादीत कुठंच नव्हतं.

मग त्यांनी रजिस्टरं टेबलावर ठेवली. चार वर्षांची, माझ्या अक्षरातली. साडेनऊ हजार ओंडके, प्रत्येक पानाखाली 'प्रत्यक्ष पाहून मोजले' आणि चाचांची झोकदार सही. प्रमुख म्हणाले, डॉक्टर म्हणतात तीन वर्षांपासून दिसत नाही. रजिस्टर म्हणतं अपघाताच्या दोन दिवस आधीपर्यंत दिसत होतं. दोन्ही खरं असू शकत नाही. रजिस्टर खोटं असेल तर ते खोटं करण्यात जे जे सामील आहेत त्यांच्यावर सेवेतून काढण्यापर्यंतची कारवाई होईल. त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही रोज त्यांच्याबरोबर होता. त्यांना दिसत होतं का?"

मी म्हटलं, "दिसत होतं, साहेब."

या तीन शब्दांवर मी पुढं बरीच वर्षं विचार केला आहे. आधी स्वतःला सांगायची की तोंडाची सवय होती. चार वर्षं कोणत्याही साहेबानं विचारलं की आम्ही हेच म्हणत होतो. कय्यूमभाऊ कुठाय? तिकडं मोजून राह्यले, साहेब. तब्येत बरी आहे ना? एकदम बरी, साहेब. झाकायचं एवढं अंगवळणी पडलेलं, की ज्या दिवशी उघडायचं होतं त्या दिवशीही हात झाकायलाच गेला. हे खरं आहे. पण घरी आई होती, धाकटा भाऊ शिकत होता, आणि अनुकंपेची नोकरी एकदा गेली की पुन्हा कोणी मरून मिळत नाही. हेही खरं आहे. आणि त्या खोलीत हे दुसरं माझ्या मनात आधी आलं.

चाचा माझ्या उजव्या हाताला बसले होते. मी बोलल्यावर त्यांनी तोंड माझ्याकडे केलं. मग सवयीनं म्हणाले, "हूं."

आदेश दोन महिन्यांनी आला. अपघातापर्यंत दृष्टी असल्याचं साक्षीवरून दिसतं, अपघातात डोळ्यांना इजा नाही, सबब अपंगत्वाचा दावा संशयास्पद. आणि दृष्टी नव्हती असं धरलं तर नोंदी खोट्या. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोचत होत्या. सेवेतून कमी करण्यात येत आहे. मला एक ताकीदपत्र मिळालं, अक्षर सुवाच्य काढण्याबद्दल.

पुढं मी वर अर्ज केला. माझी साक्ष चुकली असंही त्यात लिहिणार होते. तीन मसुदे केले आणि तिन्हीत ते वाक्य खोडलं. अर्ज विहित नमुन्यात नाही म्हणून परत आला. नमुना मिळवून पुन्हा पाठवला, त्याचं उत्तर आलं नाही. चाचांना कळलं तेव्हा म्हणाले, "राहू दे आता." मी राहू दिलं, आणि सुटल्यासारखं वाटलं. त्याची मला आजही लाज वाटते.

चाचा घरी बसले. जाहिदाचाचींनी शिलाई मशीन ओट्यावर काढलं. चाचा दिवसभर खाटेवर बसून खाटेचे पाय, उंबरा, मशीनचा पाट, जे हाताला लागेल ते ठोकत. कोणी घर बांधत असलं की चौकट दाखवायला आणायचं, ते बोटानं ठोकून सांगायचे. नंतर लोखंडी चौकटी आल्या आणि तेही बंद झालं. मी सुरुवातीला दर आठवड्याला जायची, मग महिन्याला, मग ईदला.

दोन हजार चारच्या सुरुवातीला पुन्हा मार्कंड्याच्या जत्रेआधीचा लिलाव होता. चाचांच्या जागी वामनराव नावाचे गृहस्थ बदलून आले होते. सरळ माणूस, टेप अचूक वाचायचे, पण लाकूड त्यांच्याशी बोलत नसे. आधीच्या दोन लिलावांत पहिल्या प्रतीचे म्हणून विकलेले ओंडके पोकळ निघाले होते आणि वडशाचे व्यापारी वरपर्यंत ओरडत गेले होते. साहेब तेच, त्यांची बदली रखडली होती. त्यांनी मला बोलावून घेतलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, त्या म्हाताऱ्याला एकदा बोलवा, फक्त एकदा. नोंद वगैरे काही नको.

मी गेले. जाहिदाचाचींनी मशीन थांबवलं नाही. म्हणाल्या, "इतक्या सालात डेपोच्या कामानं कोनी आलं नाई. आता काऊन आली, ते समजते मले."  आतून चाचांचा आवाज आला, सदरा कुठं ठेवला म्हणून. मी मान खाली घालून उभी होते, तोवर ते मोगरी घेऊन दारात आले होते, चप्पल उलटसुलट घातलेली.

त्या दिवशी त्यांनी सत्तर ओंडके ऐकले. पोचूनं ठोकलं, मी लिहिलं, परत वाचलं, ते हूं म्हणाले. अकरा पोकळ निघाले. एका ठिकाणी वामनराव खोकले तर चाचांनी त्यांना गप्प केलं, आणि पोचू किती दिवसांनी हसला. मला वाटलं, चार वर्षं झालीच नाहीत.

काम संपल्यावर ते सावलीत बसले, कपाळ पुसलं आणि बोट पुढं केलं. सहीसाठी. माझ्या हातात रजिस्टर होतं. त्या पानाखाली वामनरावांची सही सकाळीच करून ठेवलेली होती, 'प्रत्यक्ष पाहून मोजले' च्या खाली. मी चाचांकडे पाहिलं, आणि टेबलावरचा एक कोरा कागद ओढून रजिस्टरवर ठेवला. त्यांचं बोट त्यावर टेकवलं. त्यांनी बोटाला लागून सही केली, पूर्वीसारखीच झोकात. मग अंगठा आणि बोटात कागदाची कड धरून जरा चोळली.

"हा रजिस्टरचा कागद नाई, बेटी," ते म्हणाले. "तो जाड रायते."

 त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, "राहू दे. तुले नोकरी आहे."

मी त्यांना उठवलं. साहेबांची जीप आणि व्यापाऱ्यांच्या गाड्या पुढच्या फाटकाशी उभ्या होत्या, म्हणून त्यांना मागच्या फाटकानं बाहेर नेलं. तिकडची पावलं त्यांना ठाऊक नव्हती.